जुन्या डिझेल ट्रॅक्टरचे मोल

सहकारी सोसायट्या, कृषी विद्यालये, बीजगुणन प्रक्षेत्रे आणि जुन्या ग्रामपंचायती यांच्या आवारात एखादी तरी पत्र्याची पडवी अशी आढळते, की जिच्यात कामातून गेलेली यंत्रसामग्री वर्षानुवर्षे पडून असते. तीत पुष्कळदा एक ट्रॅक्टर असतो. टायर बसलेले, बोनेटखाली कोंबड्यांची वस्ती, आणि मूळचा रंग कोणता होता हे सांगावयास गावातील एखादा वडीलधारा माणूस शोधावा लागावा, अशी त्याची अवस्था असते. लेखापरीक्षणात जडवस्तू नोंदवहीतील त्या नोंदीवर बोट ठेवले जाते, निर्लेखनाचा ठराव होतो, पाहणी समिती येते आणि ‘ट्रॅक्टर, जुना, नादुरुस्त, नग एक’ असा शेरा लिहून जाते. पुढे लिलाव होतो व यंत्र वजनावर विकले जाते. यात नियमबाह्य असे काहीच घडत नाही. मात्र विकले गेलेले यंत्र कोणत्या बनावटीचे होते, कोणत्या साली तयार झाले होते आणि तसे आणखी किती शिल्लक असतील, या प्रश्नांची उत्तरे समितीजवळ नसतात. बोली लावणाऱ्या व्यापाऱ्याजवळ ती अनेकदा असतात. विकणारा अजाण आणि घेणारा जाणता, ही स्थिती सार्वजनिक मालमत्तेच्या बाबतीत बरी नव्हे.

याच्या उलट टोकाची चूकही घडते. परदेशात एखाद्या जुन्या ट्रॅक्टरला मोठी किंमत आल्याचे कोणाच्या तरी वाचनात येते आणि आवारातील यंत्र हा लाखमोलाचा ठेवा आहे, अशी वार्ता गावभर होते. ठराव पुढे ढकलला जातो. दोन पावसाळे जातात, तुटलेल्या धुरांड्यातून पाणी सिलिंडरात उतरते, पिस्टन गंजून लायनरला चिकटतात, आणि जे यंत्र थोड्या खर्चात चालू झाले असते ते खरोखरीच भंगार होते. अज्ञानाने स्वस्तात विकणे आणि अज्ञानाने विकण्याचे टाळणे, या दोहोंत नुकसान संस्थेचेच. म्हणून अशा यंत्राची पारख कशी करावी, याचे ढोबळ ज्ञान निर्णय घेणाऱ्यांना असणे अगत्याचे आहे. त्यासाठी यंत्रशास्त्राची पदवी लागत नाही. डोळे उघडे ठेवणे, थोडा इतिहास ठाऊक असणे आणि गावातील जाणत्या फिटरला आदराने प्रश्न विचारणे एवढ्याने पुष्कळ भागते.

दुर्मिळता कशी घडते

जुने ते दुर्मिळ, ही समजूत प्रथम दूर करावयास हवी. इंग्लंडमधील कॉव्हेन्ट्री शहराच्या बॅनर लेन येथील कारखान्यात १९४६ ते १९५६ या काळात ‘फर्ग्युसन टी.ई.-२०’ हा करड्या रंगाचा लहानखुरा ट्रॅक्टर तयार होत असे. त्याचे पाच लाखांहून अधिक नग बाहेर पडले आणि जगभर गेले. आज तो सत्तर वर्षांच्या पुढचा आहे, पण त्याला दुर्मिळ म्हणता येणार नाही. त्याचे महत्त्व निराळे आहे. हॅरी फर्ग्युसन यांची तीन टोकांची जोडणी आणि हायड्रोलिकवर उचलले जाणारे अवजार ही कल्पना त्याने सर्वदूर नेली, आणि आज प्रत्येक ट्रॅक्टरच्या मागे जी जोडणी दिसते ती त्याच वंशातील आहे. महत्त्व आणि दुर्मिळता या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे या एका उदाहरणावरून ध्यानात यावे.

परंतु याच फर्ग्युसनमध्ये एक मेख आहे. त्याचे बाह्य रूप सर्व प्रकारांत जवळजवळ सारखे. मात्र पाटीवरील अक्षर बदलले की इंजिन बदलते. ‘टी.ई.ए.’ म्हणजे पेट्रोलचा, ‘टी.ई.डी.’ म्हणजे ट्रॅक्टरसाठीच्या रॉकेलसदृश इंधनावर चालणारा आणि ‘टी.ई.एफ.’ म्हणजे डिझेलचा. हा डिझेल प्रकार १९५१ साली आला. ज्या समितीने पाटी वाचली नाही, तिने ट्रॅक्टर पाहिलाच नाही असे म्हणावयास हरकत नाही.

दुर्मिळता ही कारखान्यातून किती नग निघाले यावर जितकी अवलंबून असते, तितकीच ती किती नग टिकले यावर असते. भारताची परिस्थिती या दृष्टीने विलक्षण आहे. १९५१ साली साऱ्या देशात सुमारे साडेआठ हजार ट्रॅक्टर होते, तर १९६१ साली ही संख्या सुमारे ३१ हजारांवर गेली. देशातील निर्मितीचा प्रारंभ १९५९ साली फरिदाबाद येथे ‘आयशर’ने झाला आणि १९६१-६२ या वर्षात अवघे ८८० ट्रॅक्टर देशात तयार झाले. याचा अर्थ असा, की साठीच्या दशकाच्या आरंभी शेतात दिसणारे बहुतेक ट्रॅक्टर परदेशातून आलेले होते. त्यांत ब्रिटिश, जर्मन आणि अमेरिकन यंत्रे होती. १९४९ साली जागतिक बँकेने दिलेल्या एक कोटी डॉलरच्या कर्जातून मध्य भारतातील कांस गवताने व्यापलेल्या जमिनी मोकळ्या करण्यासाठी अवजड यंत्रे आली. १९५६ साली राजस्थानात सुरतगड येथे जे केंद्रीय यंत्रीकृत प्रक्षेत्र स्थापन झाले, त्याची यंत्रसामग्री सोव्हिएत रशियाने भेट म्हणून दिली होती.

बनावटी अनेक आणि प्रत्येकीचे नग थोडे, अशी ही स्थिती होती. सुट्या भागांसाठी परकीय चलन लागे व ते सहजी मिळत नसे. त्यामुळे एक ट्रॅक्टर बंद पडला, की त्याचे भाग काढून दुसरा चालविणे हाच मार्ग उरे. गॅरेजमधील मेस्त्रींनी ही विद्या अशी काही आत्मसात केली, की तीन बंद यंत्रांतून एक चालते यंत्र उभे राही. शेतकऱ्याची सोय झाली हे खरे. तथापि त्याच कारणाने त्या काळातील संपूर्ण, मूळ भागांसह असलेला ट्रॅक्टर आज क्वचितच दृष्टीस पडतो. आज देशात दरवर्षी आठ लाखांहून अधिक ट्रॅक्टर विकले जात असताना त्या पहिल्या पिढीतील एखादे अखंड यंत्र हाती लागणे, ही साधी गोष्ट नव्हे.

मात्र थोडे उरले म्हणून मोल वाढलेच, असेही नाही. ‘मॅसी फर्ग्युसन ३५’ या ट्रॅक्टरला आरंभी चार सिलिंडरांचे डिझेल इंजिन होते. थंडीत ते सुरू करताना चालकाची परीक्षा होई. १९५९ च्या अखेरीस त्याच्या जागी पर्किन्सचे तीन सिलिंडरांचे इंजिन आले आणि तेच लोकांना आवडले. म्हणजे चार सिलिंडरांचे कमी, तीन सिलिंडरांचे उदंड, तरीही पसंती तिनालाच! याउलट इंग्लंडमधील गेन्सबरो येथील मार्शल कंपनीचा ‘फील्ड मार्शल’ पाहावा. १९४५ ते १९५७ या काळात तो निघाला. त्याला एकच आडवा सिलिंडर, साडेसहा इंच व्यासाचा आणि नऊ इंच धावेचा. इंजिन मिनिटाला जेमतेम साडेसातशे फेरे घेणारे. सुरू करताना जळता कागद सिलिंडरच्या डोक्यात घालून हँडल मारावे लागे, किंवा बंदुकीसारखे काडतूस बसवून त्यावर हातोडीचा घाव घालावा लागे. असा ट्रॅक्टर शेतकऱ्याने आज वापरावयास कोणी सांगणार नाही. पण त्याच्या त्या ठोक्यांचा नाद ऐकण्यासाठी माणसे जमतात आणि संग्राहक पदरचे पैसे मोजतात. तेव्हा दुर्मिळतेला मागणीची जोड मिळाली, तरच बाजारात तिची किंमत होते.

पाटी, अक्षरे आणि अंक

पाहणीस जाताना समितीने सोबत एक चिंधी, थोडे रॉकेल, एक आरसा, विजेरी आणि वही न्यावी. पहिले काम पाटी शोधण्याचे. ती बहुधा चालकासमोरील फलकावर, क्लच हाउसिंगवर किंवा बोनेटच्या बाजूस असते. इंजिनाचा क्रमांक ब्लॉकवर निराळा ठोकलेला असतो. पाटी तारेच्या ब्रशने किंवा ग्राइंडरने साफ करण्याचा मोह आवरावा. रॉकेलच्या चिंधीने अंक आपोआप उमटतात, ग्राइंडरने मात्र ते कायमचे जातात. पाटीवरील चासी क्रमांक, इंजिनावरील क्रमांक आणि आर.सी. बुकातील क्रमांक हे तिन्ही जुळले, तर यंत्र मूळचे असल्याचा बळकट पुरावा मिळतो. इंजिनाचा क्रमांक जुळला नाही, तर इंजिन बदललेले आहे. तो काही गुन्हा नव्हे, पण दुर्मिळतेचे मोल तेथेच निम्म्याहून खाली येते.

जुनी नंबर प्लेटही बोलते. एम.एच. ही आजची मालिका १९८९ पासूनची. त्यापूर्वीची तीन अक्षरी मालिका असलेली पाटी, आणि विशेषतः मुंबई राज्याच्या काळातील नोंदणी दर्शविणारे कागद, ही यंत्राच्या वयाची साक्ष आहे. असे कागद दप्तरातून काढून यंत्रासोबत ठेवावेत. खरेदीचे बिल, तगाईची किंवा भूविकास बँकेच्या कर्जाची कागदपत्रे, लॉगबुक, यांपैकी जे सापडेल ते टाकू नये. ज्या यंत्राचा जन्मापासूनचा हिशेब कागदावर आहे, ते तशाच अनाथ यंत्रापेक्षा नेहमीच अधिक मोलाचे ठरते.

रंगाविषयी एक सूचना. लिलावापूर्वी ट्रॅक्टर ‘चांगला दिसावा’ म्हणून त्यावर रंगाचा हात फिरविण्याची पद्धत काही ठिकाणी आहे. ती बंद व्हावी. जुन्या रंगाचे थर हे यंत्राचे चरित्र असते. मडगार्डच्या आतील बाजूस किंवा टूलबॉक्सच्या तळाशी नखाने खरवडले असता मूळ रंग दिसतो. फोर्डसन मेजरचा निळा व त्याच्या चाकांचा नारिंगी, फर्ग्युसनचा करडा, इंटरनॅशनलचा लाल. नव्या रंगाखाली हे सारे झाकले जाते आणि पारख्याच्या मनात संशय मात्र निर्माण होतो, की रंगाखाली भेग तर लपविलेली नाही ना.

पाहणीच्या कागदात एक हास्यास्पद चूक कधी कधी आढळते, ती सांगण्याजोगी आहे. जे यंत्रात कधी नव्हतेच, ते ‘गहाळ’ म्हणून नोंदविले जाते. आयशरचे आरंभीचे ट्रॅक्टर जर्मन आयशरच्या धर्तीचे, म्हणजे हवेने थंड होणाऱ्या इंजिनाचे होते. त्यांना रेडिएटर नसतो. ‘रेडिएटर नाही’ असा शेरा मारून अशा यंत्राची किंमत कमी करणे म्हणजे बैलाला आयाळ नाही म्हणून तो कमी भावात विकण्यासारखे आहे. जर्मनीतील मानहाइम येथील लान्झ कंपनीचा ‘बुलडॉग’ हे दुसरे उदाहरण. १९२१ साली फ्रिट्झ ह्युबर यांच्या रचनेनुसार तयार झालेला हा ट्रॅक्टर प्रारंभी अवघ्या बारा अश्वशक्तीचा होता. पुढे त्या जातीचे जे ट्रॅक्टर निघाले, त्यांत स्टिअरिंगचे चाक दांड्यासह उपसून बाजूच्या फ्लायव्हीलमध्ये घालावयाचे आणि त्याने इंजिन फिरवावयाचे, अशी योजना होती. म्हणून स्टिअरिंग जागेवर नसेल तर ते आधी पडवीच्या कोपऱ्यात शोधावे. शिवाय बुलडॉगचे ते इंजिन काटेकोर अर्थाने डिझेल नव्हे. डिझेल इंजिनात हवा दाबल्याने निर्माण होणारी उष्णताच इंधन पेटविते, तर बुलडॉगमध्ये सिलिंडरच्या डोक्यावरील गोळा आधी ब्लोलॅम्पने तापवावा लागे. खरेदीदार जाणता असेल, तर हा फरक तो प्रथम पाहील.

महाराष्ट्रातील एक उदाहरण

आपल्याकडील पडव्यांत बुलडॉग किंवा फील्ड मार्शल मिळण्याची शक्यता अल्पच. तेथे जे यंत्र पुष्कळदा भेटते ते ‘इंटरनॅशनल बी-२७५’. इंग्लंडमधील डॉन्कास्टर येथे इंटरनॅशनल हार्वेस्टर कंपनीने १९५८ साली ते बाजारात आणले. पस्तीस अश्वशक्ती, चार सिलिंडर, १४४ घन इंचांचे डिझेल इंजिन, आठ पुढचे व दोन मागचे गिअर, अशी त्याची रचना. १९६३ साली महिंद्र आणि महिंद्र, इंटरनॅशनल हार्वेस्टर व व्होल्टास यांनी मिळून इंटरनॅशनल ट्रॅक्टर कंपनी ऑफ इंडिया स्थापन केली आणि १९६५ पासून हेच यंत्र मुंबईच्या कांदिवली येथे तयार होऊ लागले. १९७७ साली ती कंपनी महिंद्रमध्ये विलीन झाली. त्या घराण्यातील ट्रॅक्टर पुढे अनेक दशके निघत राहिले.

याचे मोल कसे ठरवावे? जातीने तो दुर्मिळ नाही. त्याचे सुटे भाग मिळतात, त्याच्या खाचाखोचा जाणणारे फिटर अजून आहेत, आणि म्हणूनच त्याचे कामाचे मोल इतर समवयस्क यंत्रांपेक्षा अधिक आहे. परंतु आरंभीच्या वर्षांतील, मूळ इंजिन, मूळ इंजेक्शन पंप, मूळ दिवे आणि वाचता येणारी पाटी असलेला बी-२७५ शोधू गेल्यास तो मिळत नाही. कारण उघड आहे. भाग मिळत गेले म्हणून तो कधी निवृत्तच झाला नाही. लायनर बदलले, हेड बदलले, पंप बदलला, बोनेट स्थानिक पत्र्याचे आले, आणि जुन्या चासीवर पाऊण भाग नवा असे रूप झाले. चालत राहिल्यामुळेच मूळ स्वरूपात उरला नाही, असा हा प्रकार आहे. अशा यंत्राच्या पाहणीत हेडजवळील हीटर प्लग अवश्य पाहावेत. जुन्या इंजिनात इंधन मुख्य ज्वलनकक्षाऐवजी लहान पूर्वकक्षात फवारले जाई, म्हणून थंड इंजिन पेटण्यास प्लग तापवावे लागत. पुढील पिढीच्या नावापुढे ‘डी.आय.’ ही अक्षरे आली, त्यांचा अर्थ इंधन थेट सिलिंडरात फवारले जाते असा. जुन्या चासीवर नव्या पद्धतीचे इंजिन आढळले, तर शेतकऱ्याच्या दृष्टीने ती सुधारणा आणि संग्राहकाच्या दृष्टीने ती हानी होय. दोन्ही दृष्टी आपापल्या जागी बरोबर आहेत. समितीने आपण कोणाला विकत आहोत, हे आधी ठरविले पाहिजे.

देशी यंत्रांत आणखी दोन नावे लक्षात ठेवावीत. दुर्गापूरच्या केंद्रीय यांत्रिक अभियांत्रिकी संशोधन संस्थेच्या रचनेवर आधारलेला ‘स्वराज ७२४’ पंजाब ट्रॅक्टर्सने १९७४ साली बाहेर काढला. तो परदेशी परवान्याविना देशातच आखला गेला. आणि चेकोस्लोव्हाकियातील झेटरच्या सहकार्याने हिंदुस्थान मशीन टूल्सने हरियाणातील पिंजोर येथे १९७१ पासून पंचवीस अश्वशक्तीचा ‘एच.एम.टी. झेटर २५११’ तयार केला. हा ट्रॅक्टर विभाग बंद करण्याचा निर्णय केंद्र शासनाने २०१६ साली घेतला. कारखाना बंद झाला की त्याच्या पहिल्या वर्षांतील यंत्रांकडे पाहण्याची दृष्टी हळूहळू बदलते. आज ती यंत्रे स्वस्तात जात आहेत.

प्रकृती तपासताना

बंद इंजिन ओढून किंवा ढकलून सुरू करण्याचा प्रयत्न समितीसमोर कधीही होऊ नये. उतावळ्या उत्साहात रॉड वाकतो आणि चांगले यंत्र त्याच दुपारी भंगार होते. प्रथम नोझल काढून प्रत्येक सिलिंडरात थोडे पातळ तेल सोडावे व ते मुरू द्यावे. मग हाताने क्रँक फिरतो का ते पाहावे. तेलाची काडी उपसून पाहावी. तेल ताकासारखे पांढुरके असेल, तर पाणी तेलात मिसळले आहे. गॅसकेट गेलेले असेल तर खर्च थोडा, पण ब्लॉकला भेग असेल तर खर्च फार. इंजिन चालू झालेच तर धुराकडे लक्ष द्यावे. काळा धूर इंधन जास्त वा हवा कमी असल्याचे सांगतो, निळा धूर तेल जळत असल्याचे. थंड इंजिनाचा पांढरा धूर गरम झाल्यावरही राहिला, तर नोझल, टायमिंग किंवा दाब यांपैकी कशात तरी दोष आहे. तेल भरण्याच्या तोंडातून जोराने वाफ व वारा येत असेल, तर रिंगा व लायनर झिजलेले समजावे. टायर, बॅटरी, डायनॅमो यांची अवस्था पाहून मत बनवू नये. या वस्तू बदलता येतात. ओतीव भाग, गिअरची पेटी आणि इंजेक्शन पंप यांवर खरी किंमत उभी असते.

यंत्राची मूळ क्षमता काय होती, याविषयी अंदाज बांधण्याचे कारण नाही. अमेरिकेत नेब्रास्का येथे १९२० पासून ट्रॅक्टरच्या चाचण्या होत आल्या आहेत आणि आपल्याकडे मध्य प्रदेशातील बुधनी येथील केंद्रीय संस्था ट्रॅक्टरची चाचणी घेऊन अहवाल देते. अशा अहवालांत अश्वशक्ती, इंधनाचा खप व वजन दिलेले असते. अहवालातील वजन हाती असले, तर काट्यावर वजन कमी भरते तेव्हा कोणता भाग आधीच नाहीसा झाला आहे, हेही कळते.

एवढी माहिती जमल्यावर मूल्यांकन तीन आकड्यांत लिहावे. लोखंडाच्या चालू भावाने वजनाची किंमत हा पहिला आकडा, आणि तीच किमान मर्यादा. दुरुस्तीचा खर्च वजा जाता ट्रॉली, मळणी यंत्र किंवा पाण्याचा पंप चालविण्याजोग्या यंत्राची बाजारातील किंमत, हा दुसरा. तिसरा आकडा दुर्मिळतेचा. बनावट अपरिचित असेल किंवा क्रमांक जुळत असतील, तरच तो काढावा, आणि तो काढण्यासाठी कृषी अभियांत्रिकी महाविद्यालयातील जाणत्या अध्यापकाचे लेखी मत घ्यावे. तिसरा आकडा दुसऱ्यापेक्षा मोठा येणे हे विरळाच घडते, हेही मान्य केले पाहिजे. कायद्याचा आधार येथे मिळत नाही. पुरावस्तू व कलासंपदा अधिनियम, १९७२ यानुसार वस्तू सर्वसाधारणपणे शंभर वर्षांची असावी लागते, आणि स्वातंत्र्योत्तर काळातील एकही ट्रॅक्टर त्या वयास पोचलेला नाही. राखावयाचा की विकावयाचा, हा निर्णय ज्याच्या ताब्यात यंत्र आहे त्या संस्थेचाच राहतो.

राखावयाचे ठरले, तर ते कोणासाठी, हेही ठरावात यावे. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतील विद्यार्थ्यांना उघडून पाहता येईल असा जुना, साधा इंजेक्शन पंप आजच्या इलेक्ट्रॉनिक इंजिनापेक्षा अधिक शिकवितो. माध्यमिक शाळेच्या आवारात छपराखाली, चाकांखाली विटा देऊन, धुरांड्यावर डबा उपडा घालून आणि रेडिएटरमधील पाणी काढून उभा केलेला ट्रॅक्टर फारसा खर्च मागत नाही. मोट आणि रहाट यांच्याबाबतीत अशी दक्षता घेतली गेली नाही, म्हणून आज कित्येक शिक्षकांना ती मुलांना चित्रातच दाखवावी लागतात.

विकावयाचे ठरले, तर लिलावाच्या सूचनेत बनावट, प्रकार, साल, क्रमांक, मूळ व बदललेले भाग ही सारी माहिती द्यावी व छायाचित्रे जोडावीत, म्हणजे दूरचा जाणता खरेदीदारही बोली लावील. दहा वर्षांनंतर ट्रॅक्टर सक्तीने मोडीत काढावा लागतो, अशी अफवा पसरली असता रस्ते वाहतूक मंत्रालयाने २०२३ साली तिचा इन्कार केला. कृषी ट्रॅक्टर हे बिगर-परिवहन वाहन असून त्याची पहिली नोंदणी पंधरा वर्षांची असते व ती पुढे पाच-पाच वर्षांनी वाढविता येते. म्हणून चालू स्थितीतील यंत्र विकताना आर.सी. बुक खरेदीदाराच्या नावे करून द्यावे. मोडीत विकले असेल, तर नोंदणी रद्द करून घ्यावी आणि चासीवरील क्रमांकाचा तुकडा कापला जाण्यापूर्वी त्याचे छायाचित्र दप्तरी ठेवावे.